युद्धजखमींच्या उपचारातून घडलेले मज्जामानसशास्त्र

मज्जामानसशास्त्र म्हणजे मेंदूतील इजेची जागा सांगणारे शास्त्र, असा समज उपचारकांमध्ये आढळतो. त्याचा इतिहास वेगळी साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया (१९०२–१९७७) यांनी उरल प्रदेशातील किसेगाच येथे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन रुग्णालय चालविले. निदान तेथे पहिली पायरी होती. गमावलेले कार्य शाबूत घटकांच्या आधारे पुन्हा कसे जुळवावे, हा खरा प्रश्न होता.

झासेत्स्की हा सैनिक मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कजवळ डोक्यात गोळी लागून जखमी झाला. वाचन, शब्दांचे स्मरण, डाव्या-उजव्याचे भान हे सारे ढासळले. लिहितानाही एकेक अक्षर आठवून काढणे त्याला अतिशय जड जाई. मात्र हात न उचलता सलग लिहावयास सांगताच त्याला लिहिता येऊ लागले, कारण हाताला जडलेली सवय टिकून होती. केवळ चाचणीचे गुण मोजणाऱ्या तपासनिसाने ‘लेखनक्षमता नाही’ एवढेच नोंदविले असते! पुढील सुमारे २५ वर्षांत त्याने जवळपास ३००० पृष्ठे लिहिली. स्वतःचेच लेखन वाचणे मात्र त्याला कष्टाचे होते. लुरिया यांनी ही कहाणी १९७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

रुग्ण चुकला यापेक्षा तो कसा चुकला, याकडे लुरिया यांचे लक्ष असे. लेखनातील दोष एखाद्यात ध्वनींचा भेद न कळल्याने, तर दुसऱ्यात अक्षराच्या आकाराचे भान हरपल्याने उद्भवतो. दोघांना एकच सराव देऊन भागत नाही.