नाणेघाट उतरायचा कधी?

आमच्या मुरबाडात पर्यटक येतात ते आषाढ-श्रावणात, नाणेघाटाचा उलटा धबधबा बघायला. खुशाल यावं. पण ज्यांनी हा घाट पोटासाठी तुडवला, ते हे महिने टाळत असणार, असं मला वाटतं.

वर जुन्नर, पायथ्याला वैशाखरे, पुढे कल्याण बंदर. सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी लेख इथल्या लेण्यात आहे. यज्ञ आणि दानं यांची नोंद त्यात कोरलेली. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून दाखवतात.

हंगाम ठरवला तो समुद्राने. इजिप्तहून निघालेली जहाजं नैर्ऋत्य वाऱ्यावर हिंदुस्थानात येत आणि डिसेंबर-जानेवारीत परतत, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. म्हणजे देशावरचा माल त्याआधी बंदरात पोचायला हवा. पावसात पायऱ्यांवर शेवाळ, लादलेला बैल घसरायचाच. वैशाखात उन्हाचा तडाखा. उरतो दसऱ्यानंतरचा काळ: वाट कोरडी, खोदीव टाक्यांत पाणी.

1865 मध्ये शहापूरकडच्या थळ घाटातून आगगाडी इगतपुरीला पोचली आणि बैलतांड्यांचं महत्त्व ओसरत गेलं. हंगाम मात्र टिकला. मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा आणि तिथला गुरांचा बाजार अजूनही पौष पौर्णिमेलाच भरतो.

म्हणून मला विचाराल तर पौषात या. घाट उतरा, लेख नीट पाहा आणि म्हशाच्या बाजारात घोंगडी घ्या.