चित्राची चौकट आणि काळ्या पट्ट्या

अलिबागच्या किनाऱ्यावर उभें राहिलें, म्हणजे कुलाबा किल्ला, त्याच्या दोन्ही अंगांचा समुद्र आणि वरचें आकाश हें सारें एकाच दृष्टिक्षेपांत मावतें. डोळ्याला चौकट नाहीं. चित्र काढणाऱ्याला मात्र ती पत्करावी लागते. चित्रपटाच्या या चौकटीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८९२ च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेंतील डिक्सन यांनीं ३५ मिलिमीटर फितीवर रुंदी चार व उंची तीन अशा प्रमाणाचें चित्र बसविलें. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत लोकांपुढें आला, तो याच प्रमाणाच्या चौकटींतून. पुढें बोलपट निघाले, ध्वनीच्या रेघेनें फितीची थोडी जागा घेतली आणि १९३२ मध्यें अमेरिकेंत १.३७ हें प्रमाण ठरलें. प्रभातचा १९३६ मधील ‘संत तुकाराम’ याच घराण्यांतला.

अमेरिकेंत घरोघरीं दूरचित्रवाणी आली, तेव्हां ओस पडणारीं चित्रगृहें भरण्यासाठीं पडदा रुंद करण्यांत आला. क्रेत्यां या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगानें चित्र घेतांना आडवें दाबावयाचें आणि दाखवितांना तितकेंच पसरावयाचें, ही सिनेमास्कोपची युक्ति १९५३ मध्यें प्रचारांत आली. गुरुदत्त यांनीं १९५९ मध्यें व्ही. के. मूर्ति यांच्या छायालेखनानें ‘कागज के फूल’ याच पद्धतीनें काढला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां घरांतील संच चारास तीन याच प्रमाणाचे होते. त्यांवर रुंद चित्रपटाच्या वरखालीं काळ्या पट्ट्या तरी दिसत, नाहीं तर त्याच्या दोन्ही कडा तरी कापल्या जात. पुढें केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानें मध्यममार्ग सुचविला. १.३३ व २.३५ यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ १.७७ येतें, सोळास नऊ हें आजच्या संचाचें प्रमाण त्याच्या अगदीं जवळचें आहे. त्यामुळें अतिरुंद आणि जुनें, दोन्ही प्रकारचीं चित्रें सारखाच त्याग करतात: पडद्याचा सुमारें चौथा हिस्सा काळा राहतो.

आज रेवदंडा-मुरुडच्या घरांतून रुंद संचावर ‘संत तुकाराम’ लागला, कीं दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या पाहून संच बिघडला असें एखाद्यास वाटतें, आणि तो कळ दाबून पडदा भरून काढतो. चित्र ताणलें, तर विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा जवळजवळ एकतृतीयांशानें रुंद होतात आणि वाटोळा टाळ अंड्यासारखा दिसतो. चित्र मोठें केलें, तर वरखालचा चौथा हिस्सा जातो आणि वैकुंठगमनाच्या प्रसंगीं आकाशच तोकडें पडतें. दामले-फत्तेलाल यांनीं विचारपूर्वक मांडलेली रचना अशी मोडते, आणि नव्या पिढीला मूळ चित्र तसेंच होतें असें वाटूं लागतें.

पोथीचा समास कोरा दिसतो, म्हणून कोणी तींतील अक्षरें ताणीत नाहीं. काळ्या पट्ट्या हा जुन्या चित्राचा समासच आहे. तो तसाच राहूं द्यावा.