छायाचित्रांचे रुमाल

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावी राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे त्याचे मुख्य चालक होते. टिळकवाडीच्या माळावर ‘विजयनगर’ नावाची तंबूंची वसाहत उभी राहिली होती, आणि तिच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ या नावाने आजही आपल्या ओळखीची आहे. हा इतिहास या पत्रिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. येथे चार-पाच पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांतून त्या दिवसांची एखादी तरी खूण जपलेली असते. कोठे बिल्ला, कोठे चरखा, कोठे नुसतीच आठवण. आमच्या घरी ती एका समूहचित्राच्या रूपाने होती. जाड पुठ्ठ्यावर डकवलेले, कडा पिवळसर पडलेले ते चित्र. त्यात तेवीस स्वयंसेवक तीन रांगांत बसलेले व उभे आहेत, आणि मधल्या रांगेत डावीकडून चौथे माझे आजोबा.

पुठ्ठ्यावर नावे मात्र नव्हती. ज्यांनी ते चित्र काढवून घेतले त्यांना नावांची गरजच नव्हती. ते एकमेकांना ओळखत होते. आजोबा गेले, वडील गेले, आणि त्या तेवीस जणांना ओळखणारी एकच व्यक्ती उरली. ती आमची थोरली आत्या. अधिवेशनाच्या वेळी ती सात वर्षांची होती आणि घरून भाकरीचा डबा घेऊन रोज छावणीत जात असे. २००९ साली माझा पुतण्या, तेव्हा तो अमेरिकेत नोकरीस होता, रजेवर आला आणि त्याने घरातील सुमारे तीनशे छायाचित्रे स्कॅन करून इंटरनेटवरील एका सेवेत ठेवली. तेथे चित्रातील चेहऱ्याभोवती चौकट आखून तीत नाव लिहिण्याची सोय होती. चार दुपारी तो आत्याजवळ बसला. चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याजवळ नाक नेऊन ती सांगत गेली आणि तो टंकीत गेला. तेवीसच्या तेवीस नावे लागली. २०११ मध्ये आत्या गेली. नावे वेळेवर लिहिली गेली याचे मला मोठे समाधान होते. ती कोठे लिहिली गेली, हा विचार त्या वेळी मनास शिवला नाही.

२०१७ च्या सुमारास त्या सेवेने आपले रूप पालटले. (तिचे नाव देण्याचे प्रयोजन नाही; पुढे ज्या सेवांचा उल्लेख येईल त्यांपैकी ती नव्हे.) एके दिवशी संगणक उघडला तो चित्रे मोठी आणि भपकेबाज दिसू लागलेली. त्यांच्या खालचा मजकूर एका बारीक चिन्हामागे गेलेला, आणि चौकटी अजिबात नाहीशा. पुतण्याने पत्रव्यवहार केला. उत्तर सौजन्यपूर्ण आले. आपला सर्व मजकूर आपणास उतरवून घेता येईल, असे त्यात होते. उतरवून घेतला तेव्हा तेवीस नावे शाबूत मिळाली, पण अकारविल्हे लावलेल्या एका यादीत. कोणते नाव कोणत्या चेहऱ्याचे, एवढेच त्यात नव्हते.

पुढे २०१९ च्या ऑगस्टातील अतिवृष्टीत आमच्या माळ्यावरची पेटी भिजली आणि मूळ पुठ्ठ्याचा लगदा झाला. २०२४ मध्ये अधिवेशनाची शताब्दी आली, जुन्या चित्रांची चौकशी घरोघर होऊ लागली, तेव्हा आमच्या हाती तेवीस चेहरे होते आणि तेवीस नावे होती.

आता हे चित्र व त्यासोबतची तीनशे कोठे ठेवावीत, हा प्रश्न गेली काही वर्षे मजपुढे आहे. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे सरकारी नोकरीत पाहिले, ते एकत्र मांडावेसे वाटते.

आपली चित्रे परक्याच्या हवाली करण्याची रीत संगणकाने आणलेली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील छायाचित्रकार. आपल्या मुलखातही कॅमेरा लवकर आला, पण तो सरकारी कामासाठी. जेम्स बर्जेस यांनी बेळगाव व कलादगी जिल्ह्यांतील पुरातन वास्तूंची पाहणी केली. तिचा अहवाल १८७४ साली छायाचित्रे व शिळाछापाच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला. बेळगावच्या किल्ल्यातील जैन मंदिराचा खांब न् खांब आज दीडशे वर्षांनंतर त्यामुळे तपासता येतो. त्या खांबांशी सावलीला टेकून बसणाऱ्या माणसांचे नाव-गाव कोणी लिहून ठेवले नाही, हा भाग वेगळा.

घरगुती चित्रांची गोष्ट निराळी. स्टुडिओत जाऊन चित्र काढविले की गिऱ्हाइकाच्या हाती कागदी प्रत पडे. काचेची निगेटिव्ह मालकाच्या कपाटात क्रमांक घालून राही. पुन्हा प्रत हवी असल्यास क्रमांक सांगावा, पैसे द्यावेत. नीट पाहिले तर इंटरनेटवरील सेवेचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही. आणि शेवटही तसाच होई. मालक वारला, मुलांनी दुसरा धंदा धरला, की त्या काचा खरवडून, धुऊन तसबिरींच्या चौकटींत बसविल्या जात. कोणाच्या तरी लग्नाची काच गणपतीच्या तसबिरीवर येई. मोठ्या संस्थांनाही अपघात चुकले नाहीत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात चित्रपट संस्थेच्या आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मचा ठेवा खाक झाला.

माझी बहुतेक नोकरी महसूल खात्यात गेली. जुन्या मुंबई इलाख्याच्या पद्धतीप्रमाणे आमच्या रेकॉर्डखोलीत कागदांचे वर्ग असत. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘ड’ वर्षभराचा. कागद रुमालात बांधलेले, रुमालावर चिठ्ठी, चिठ्ठीचा क्रमांक नोंदवहीत. तरुणपणी मला या सोपस्काराचा कंटाळा येई. पण मुरलेले कारकून एक गोष्ट सांगत, ती आता पटते. रुमाल हरवला तर शोधता येतो. चिठ्ठी हरवली तर रुमाल असून नसल्यासारखा. २००० च्या आसपास कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर चढविण्यात आले. सुमारे दोन कोटी उतारे होते ते. हस्तलिखित उतारा पुढे ग्राह्य राहिला नाही. ते काम उत्तम झाले असे माझे मत आहे, आणि शेतकऱ्याचे हेलपाटे त्याने खरोखरच वाचले. परंतु जुनी पुस्तके आम्ही टाकून दिली नव्हती. संगणकातल्या नोंदीविषयी शंका आली की शाईतली नोंद काढून पाहता येई. रूप पालटताना जुने रूप मागे ठेवण्याची ही साधी खबरदारी इंटरनेटवरील मंडळींना का सुचू नये, हे मला कळत नाही. किंवा कळते: तेथे ‘अ’ वर्गच नाही.

त्या जगाचा इतिहास जेमतेम पाव शतकाचा, पण उलथापालथीने भरलेला. याहू कंपनीची ‘याहू फोटोज’ ही सेवा २००७ मध्ये बंद झाली. सभासदांस आपली चित्रे हलविण्यासाठी ज्या पर्यायांतून निवड करावयास सांगितले, त्यांत कोडॅकची गॅलरीही होती. कोडॅक म्हणजे १८८८ पासून घरोघरी ठाऊक झालेले नाव. अनेकांनी त्या नावावर विसंबून तिकडे बिऱ्हाड हलविले असेल. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी जुलैत ती गॅलरीही मिटली. आपल्याकडे तरुणांत अतोनात लोकप्रिय झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. पिकासाचे वेब अल्बम २०१६ मध्ये गेले. गूगल फोटोज २०१५ मध्ये अमर्याद मोफत जागेचे आश्वासन घेऊन आले. १ जून २०२१ पासून ती सवलत थांबली आणि पुढील चित्रे १५ गिगाबाइटच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली.

यांत फ्लिकरची कथा अधिक बोधक आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. २००४ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे निघालेली ही सेवा २००५ मध्ये याहूने घेतली. १६ जानेवारी २००८ रोजी तिने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सहकार्याने ‘द कॉमन्स’ हा उपक्रम सुरू केला. ग्रंथालयाने सुमारे तीन हजार जुनी चित्रे तेथे मांडली आणि लोकांस आवाहन केले की, यांतील माणसे, जागा, प्रसंग ओळखून सांगा. लोकांनी ओळखून सांगितले. ग्रंथालयाने ती माहिती पडताळून आपल्या नोंदी दुरुस्त केल्या. आमच्या आत्याने चार दुपारी जे केले, तेच हे काम होते, फक्त जगाच्या ओसरीवर बसून केलेले.

त्याच फ्लिकरने २० मे २०१३ रोजी रूप पालटले. पांढऱ्या पानावर शांतपणे मांडलेली चित्रे व त्यांखालचा मजकूर जाऊन चित्रे एकमेकांस खेटून बसली. शब्द मागे सरले. सोबत प्रत्येकास एक टेराबाइट जागा मोफत जाहीर झाली. हजारो सभासदांनी लेखी नाराजी कळविली. जुने रूप परत आले नाही. पुढे याहूचाच व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझनकडे गेला, २०१८ च्या एप्रिलमध्ये फ्लिकर स्मगमग या कौटुंबिक मालकीच्या कंपनीने घेतले, आणि त्या वर्षअखेर जाहीर झाले की मोफत सभासदांस यापुढे एक हजारच चित्रे ठेवता येतील. टेराबाइटचे औदार्य पाच-सहा वर्षे टिकले. नव्या मालकांनी निदान मोकळेपणाने सांगितले की ही सेवा वर्गणीवरच चालवावयाची आहे. मला हे बोलणे पटते. जो पैसे घेतो त्याला जाब विचारता येतो. फुकट जागा देणारा आपला यजमान असतो, आणि यजमानाच्या घरातील भिंतीचा रंग आपण ठरवीत नाही.

मग निवड कशी करावी? मी पुतण्यास दोनच प्रश्न विचारले. दिलेले चित्र मूळ आकारात जसेच्या तसे परत मिळते काय? आणि त्यावर लिहिलेला मजकूर चित्राबरोबर परत येतो काय? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक सेवा अडखळतात. चित्र एका फाइलीत परत येते, तुम्ही लिहिलेली ओळ दुसऱ्या, यंत्रालाच वाचता येईल अशा फाइलीत. पुतण्याने त्यावर उपाय दाखविला. वृत्तसंस्थांनी फार पूर्वीच अशी पद्धत बसविली आहे की चित्राच्या फाइलीच्या पोटातच मथळा, स्थळ, व्यक्तींची नावे लिहिता येतात. असा मजकूर सेवेच्या वहीत नसतो, चित्राच्या पाठीवर असतो. सेवा बदला, तो सोबत येतो. मात्र काही सेवा चित्र लहान करताना तोही पुसून टाकतात, म्हणून एक चित्र चढवून, उतरवून, तपासून पाहावे. आम्ही तसे पाहिले आणि एक वर्गणीची सेवा घेतली. सार्वजनिक महत्त्वाची काही चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर देण्याचा विचार आहे. तेथे मराठीत मजकूर लिहिता येतो, आणि भारतात १९५८ पूर्वी काढलेल्या छायाचित्रांवरील स्वामित्वहक्क संपलेला मानतात, त्यामुळे १९२४ च्या चित्रास अडचण नाही. घरातील मुंजी-बारशी तेथे नेण्याची गरज नाही.

मजकूर लिहिताना एक गंमत आली. गावाचे नाव काय लिहावे? पुठ्ठ्यावरील इंग्रजी शिक्क्यात ‘बेलगाम’, आपल्या तोंडी ‘बेळगाव’, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरी ‘बेळगावी’. शोधणारा कोणते नाव टाकील याचा नेम नाही. मी तिन्ही लिहिली. निपाणीतील आमच्या मावशीच्या वखारीच्या चित्राखाली तालुकाही लिहावा लागला; चित्र काढले तेव्हा निपाणी चिक्कोडी तालुक्यात होती, आता ती स्वतःच तालुका आहे.

आणि शेवटी कागद. सर्व तीनशे चित्रांच्या प्रती काढून पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहिली, रांग व डावीकडून क्रमांक घालून. शाई वापरली नाही. ती पुढच्या बाजूस उमटते. एक संच आमच्या घरी, एक पुतण्याकडे पुण्यास. पुतण्याला हे सगळे थोडे जुनाट वाटले, पण त्याने प्रतींचा खर्च दिला.

स्वयंसेवकांच्या त्या समूहचित्राचे काम अद्याप अपुरे आहे. इतर घरांतील लग्नांची, मुंजींची चित्रे शेजारी ठेवून, कान-नाक-भुवया जुळवीत, चौदा जणांची नावे आम्ही पुन्हा चेहऱ्यांवर बसविली. नऊ राहिली आहेत. खालच्या रांगेत अगदी उजवीकडे एक पोरसवदा मुलगा मांडी घालून बसला आहे. टोपी त्याला मोठी होते, हातात पितळी पेला आहे आणि बाकी सर्व कॅमेऱ्याकडे पाहत असता तो बाजूला कोणाकडे तरी पाहून हसत आहे. चित्राची मोठी प्रत व नऊ नावांची यादी मंडळाच्या वाचनालयात ठेवली आहे. बुधवार सोडून कोणत्याही सायंकाळी ती पाहता येईल. ज्यांच्या घरी त्या वर्षांची चित्रे असतील त्यांनी ती बरोबर आणावीत. प्रत तेथेच काढून घेऊ, मूळ चित्र लगेच परत मिळेल.