रिकाम्या यानांची परीक्षा



आयुष्यभर भाषा शिकविलेल्या माणसाने चांद्रयानांविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु माझा विषय यंत्र हा नसून परीक्षा हा आहे. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘ईक्षा’ म्हणजे पाहणे. उत्तीर्ण होणे हा अर्थ त्या शब्दाच्या घडणीत कोठेच नाही. माणसाला चंद्राकडे धाडण्यापूर्वी जी निर्मनुष्य उड्डाणे झाली, त्यांचा इतिहास हा मूळ अर्थ स्पष्ट करतो.

२७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानात जमिनीवरील सरावाच्या वेळीच आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ‘सॅटर्न ५’ या महाकाय अग्निबाणाने ‘अपोलो ४’ हे निर्मनुष्य यान प्रथमच वर नेले. ते उड्डाण निर्वेध पार पडले. मात्र ४ एप्रिल १९६८ च्या ‘अपोलो ६’ ने साऱ्यांना सावध केले. अग्निबाणाला उभे हादरे बसले, दुसऱ्या टप्प्याच्या पाच इंजिनांपैकी दोन वेळेआधी बंद पडली आणि तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटलेच नाही.

शोधाअंती जे कारण सापडले ते मोठे उद्बोधक आहे. इंजिनाच्या प्रज्वलकाकडे हायड्रोजन नेणाऱ्या नळीचा लवचीक, घड्यांचा भाग कंपनाने तुटला होता. तीच नळी जमिनीवरील चाचण्यांत टिकली होती; कारण तेथे भोवतालच्या हवेचा थर त्या अतिशीत घड्यांवर जमे आणि कंपन शमवी. पोकळीत हवाच नाही, तर थर कोठून जमणार? शिवाय तारांची जोडणी उलटसुलट झाल्याने, बिघडलेल्या इंजिनासाठीची बंद होण्याची आज्ञा एका धडधाकट इंजिनाला पोहोचली. हे दोष दूर झाल्यावरच, डिसेंबर १९६८ मध्ये, याच अग्निबाणाच्या तिसऱ्या उड्डाणात ‘अपोलो ८’ चे तिघे जण चंद्राला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले.

अर्धशतकानंतर हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी निघालेल्या ‘आर्टेमिस १’ च्या ओरायन यानात माणसाच्या आसनावर एक पुतळा बसविला होता. ‘अपोलो १३’ च्या संकटात मोलाची कामगिरी बजावणारे अभियंते आर्तुरो कॅम्पोस यांचे नाव त्याला दिले होते. पृथ्वीपासून सुमारे ४,३२,००० किलोमीटर दूर जाऊन यान ११ डिसेंबरला प्रशांत महासागरात उतरले. आत माणसे असती तर ती सुरक्षित राहिली असती, असे नोंदींवरून दिसले. तेवढ्यावर समाधान मानणे सोपे होते. परंतु उष्णतारोधक कवचाचे शंभराहून अधिक ठिकाणी टवके उडाले होते.

त्याचे कारण डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. वातावरणात एकदा बुडी मारून, वर येऊन पुन्हा शिरण्याच्या मार्गात मधल्या काळी तापमान उतरले. कवचाच्या आत वायू तयार होत राहिले, पण त्यांना बाहेर पडण्याइतका सच्छिद्र कोळसा पृष्ठभागावर बनला नाही आणि दाबाने तडे गेले. जमिनीवरील चाचण्यांत उष्णता अधिक तीव्र होती, म्हणून हा दोष तेथे दडून राहिला! पुढील समानव उड्डाणासाठी कवच तेच ठेवून परतीचा मार्ग बदलण्याचे ठरले. काही जाणकारांना हा निर्णय पटला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दोन्ही प्रसंगी जमिनीवरील परीक्षेने नकळत यंत्राला आधार दिला आणि खऱ्या प्रवासाने तो काढून घेतला. शिक्षकांनी आणि पालकांनी यावर विचार करावा. आपण घेतलेल्या परीक्षाही मुलांना असाच अदृश्य आधार देत नाहीत ना? चूक उघडी पडली तरी कोणाचा जीव जात नाही, अशा वेळीच ती उघडी पडावी, याचसाठी ती आसने रिकामी ठेवली होती. मात्र यान सुखरूप परतल्यावरही त्याचे टवके मोजत बसण्याचा प्रामाणिकपणा माणसालाच दाखवावा लागतो. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या पिढीतील शिक्षक पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्याचीही वही पुन्हा तपासत असत. ती सवय या शाळेत टिकून राहो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.