ग्रोमेट असलेल्या मुलांमधील औषधरोधी कर्णसंसर्ग

ग्रोमेट असलेल्या मुलांमधील औषधरोधी कर्णसंसर्ग म्हणजे कानाच्या पडद्यात बसवलेल्या सूक्ष्म नळीवाटे पू वाहत राहणे व त्यातील जिवाणूंनी नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणे होय. मध्यकर्णात द्रव साचून ऐकू कमी येत असल्यास किंवा तेथे वारंवार जंतुसंसर्ग होत असल्यास शस्त्रक्रियेने अशी नळी बसवतात. अमेरिकी शल्यचिकित्सक बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये प्लास्टिकच्या नळीचा वापर प्रसिद्ध केल्यानंतर ही पद्धत रूढ झाली. नळी बहुधा ६ ते १८ महिन्यांत आपोआप गळून पडते.

कारणे

लहान मुलांत सर्दीनंतर न्यूमोकोकस व हिमोफिलस हे जिवाणू आढळतात. थोड्या मोठ्या मुलांत व पाणी गेलेल्या कानात स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. शेवटच्या दोहोंत औषधरोध अधिक त्रासदायक ठरतो. नळीच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर साचतो व त्यात औषध सहज शिरत नाही.

उपचार

प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘रोधी’ हा शब्द येथे जपून वाचावा लागतो. तो पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या औषधाची रक्तात जी पातळी गाठली जाते, तिच्या आधारे ठरतो. ती पातळी मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम असते, ०.३ टक्के ऑफ्लॉक्सासिनच्या थेंबांत मात्र ती ३,००० मायक्रोग्रॅम असते. म्हणून अहवालात रोधी ठरलेला जिवाणूही थेंबांनी अनेकदा आटोक्यात येतो आणि अधिक तीव्र गोळ्यांची गरज पडत नाही. नेदरलँड्समधील २०१४ च्या अभ्यासात दोन आठवड्यांनंतर कान वाहत असलेल्या मुलांचे प्रमाण प्रतिजैविक व स्टेरॉइडयुक्त थेंब दिलेल्या गटात ५ टक्के, पोटातून प्रतिजैविक दिलेल्या गटात ४४ टक्के आणि केवळ निरीक्षणाखालील गटात ५५ टक्के होते.

थेंब पोहोचण्यासाठी आधी कानातील पू शोषक यंत्राने काढतात. थेंब टाकल्यावर कानाच्या भोकापुढील कूर्चा काही वेळा दाबली, की औषध नळीतून आत उतरते. जेंटामायसिन व निओमायसिनचे थेंब आंतरकर्णास अपाय करू शकत असल्याने टाळले जातात. सुधारणा न झाल्यास स्रावाची जिवाणूचाचणी करतात. थेंबांच्या दीर्घ वापराने बुरशी वाढली नाही ना, हेही पाहतात. क्वचित नळीच काढावी लागते. ताप, कानामागे सूज किंवा चेहरा वाकडा होणे ही लक्षणे दिसल्यास मात्र तातडीने रुग्णालयातील उपचार आवश्यक असतात.

वऱ्हाडातील स्थिती

वऱ्हाडात ‘कान फुटला’ म्हणून येणाऱ्या मुलांत ग्रोमेटपेक्षा पडदा फाटून दीर्घकाळ वाहणारे कान अधिक आढळतात. थेंब व सफाई हे तत्त्व दोन्हींना लागू पडते. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतून तेथवर येणे म्हणजे घाटरस्त्याचा दिवसभराचा प्रवास व बुडालेली मजुरी. त्यामुळे पुन्हा तपासणीला येणे राहून जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीत मध्यकर्णदाह आणि श्रवणदोष यांचा समावेश आहे. लसूण घालून तापवलेले तेल कानात सोडण्याचा घरगुती उपाय पडदा उघडा असताना घातक ठरू शकतो, आणि उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देणे औषधरोध वाढवते. ऐकू कमी येण्याच्या काळात मुलाचे बोलणे व शिकणे मागे पडते, म्हणून कान कोरडा झाल्यावर श्रवणचाचणीही करतात.