माडीवरच्या जाळीमागच्या बाया



कोकणातले 'शनिवार तेली' तुम्ही ऐकले असतील. ते बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवार त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद. असेच ज्यू केरळातही शेकडो वर्षं राहिले. ते मल्याळम बोलत. आज त्यांच्या एका गावाची गोष्ट सांगते.

एर्नाकुलम जिल्ह्यातलं चेंदमंगलम. तिथे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ आहे, त्याला सिनेगॉग म्हणतात. दाराबाहेर एक दगड उभा आहे. तो सारा नावाच्या बाईच्या कबरीवरचा, सन १२६९ चा. भारतातल्या सर्वांत जुन्या हिब्रू लेखांपैकी हा एक, आणि त्यावर नाव आहे एका बाईचं!

१९५०च्या दशकात इथली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला रीतीप्रमाणे दहा पुरुष लागतात. माणसंच उरली नाहीत, तेव्हा प्रार्थना थांबली. वास्तू जीर्ण झाली. पुढे केरळच्या पुरातत्त्व विभागाने ती दुरुस्त केली आणि २००५ मध्ये तिथे केरळी ज्यूंच्या इतिहासाचं प्रदर्शन सुरू झालं.

आत गेलात तर वर बघा. बायकांची बसायची जागा माडीवर, लाकडी जाळीमागे. पण त्या जाळीपुढेच धर्मग्रंथ वाचायचा एक चौथरा आहे. खाली एक, माडीवर दुसरा. ही केरळच्या सिनेगॉगची खास रीत. सणावारी ग्रंथाचं वाचन वरून होई, बायकांच्या अगदी जवळ.

या बाया नुसत्या ऐकत नव्हत्या. लग्नात, सणाला त्या मल्याळम गाणी म्हणत, पुरुषांच्या देखतही. गाणी वहीत उतरवून ठेवत. एकीच्या वहीवरून दुसरी लिहून घेई. देश सोडताना या वह्या त्यांच्या सामानात होत्या. अभ्यासकांनी त्या गोळा केल्या, निवडक गाण्यांचं पुस्तकही निघालं.

भिंती सरकारने सावरल्या. पण लग्नघरात काय गात होते, हे भिंती सांगत नाहीत. ते वह्यांमुळे कळलं.

आपल्याकडेही जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी आहेत. त्यातली कितीतरी एखाद्या आजीच्याच तोंडी उरली आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीला हिशोबाच्या वहीबरोबर एक कोरी वहीही न्या. आजीला गायला सांगा आणि तिचं नाव घालून लिहून घ्या.