तळटीप : अँझॅक बिस्किटे

१४. अँझॅक बिस्किटे : ओट्स, मैदा, साखर, सुके खोबरे, लोणी आणि गोल्डन सिरप यांची खुसखुशीत बिस्किटे. अंडे नसल्याने ती बरेच दिवस टिकतात. ‘अँझॅक’ हे पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संयुक्त सैन्यदलाचे संक्षिप्त नाव. हे सैन्य २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीत उतरले. खंदकांतील सैनिकांच्या शिध्यातले बिस्किट मात्र निराळे : ते दगडासारखे कडक असे, फोडून पाण्यात शिजवून त्याची लापशी करत. लेखिकेला येथे गोड बिस्किटेच अभिप्रेत आहेत. ऑस्ट्रेलियात ‘अँझॅक’ नावाच्या व्यापारी वापरावर कायद्याचे बंधन आहे. बिस्किटांना सूट मिळते, पण कृती पारंपरिकच हवी आणि त्यांना ‘कुकी’ म्हणता येत नाही. — संपा.